मागं-सरा रेषा

पुंडलिकनगर,
८ जानेवारी २०२५

वच्छला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी तू दचकली असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. पत्र एवढ्यासाठीच लिहितोय की फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे ग्रामसभेत बोलण्यासारखं झालंय. तू स्पीकर लावतेस. मी ‘कशी आहेस’ विचारलं की इंद्रजीत मागून ‘मजेत आहे’ म्हणतो, दीपमाला कुकर लावता लावता ‘बाबा, गोळ्या घेतल्या का’ विचारते, आणि श्रेया मधूनच ‘आबा, आबा’ करत आपलंच काहीतरी सांगत सुटते. नात बोलली की बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्यात तुझा आवाज कुठं येतो? लग्नाच्या बायकोशी बोलायला माणसानं पोस्टाच्या रांगेत उभं राहावं, अशी वेळ आली माझ्यावर.

दिवाळीला पुण्याला पोराकडं गेलीस तेव्हा तुळशीचं लग्न झालं की येते म्हणालीस. आता संक्रांत तोंडावर आली. दसऱ्याला इंद्रजीतनं ‘दोघंही पुण्यालाच या, इथं एकटं राहून काय करता’ हा विषय काढला, तेव्हा मी जे बोललो ते त्याला बोललो होतो, तुला नाही. पोराच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवायलाही परवानगी मागत बसणं मला जमणार नाही, हे मी आजही म्हणतो. त्यावर तू हू का चू केलं नाहीस. दिवाळीला गेलीस ती गेलीसच. तू भांडली असतीस तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

जेवणाचं म्हणशील तर चांगलं चाललंय. मेसचा डबा लावलाय. भाजी कोणती ते झाकण उघडल्यावर कळत नाही आणि खाल्ल्यावरही कळत नाही, पण चांगलं चाललंय.

आता खरी बातमी. तुझा नवरा पंच झालाय, तोही फुटबॉलचा! आपल्या मागच्या मैदानावर धम्मपाल नावाचा एक तरुण संध्याकाळी दहा वर्षांच्या आतल्या पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. दिवसा आयटीआयमध्ये शिकवायला आहे. मी आपला बाकावर बसून बघत असतो. एक दिवस तो जवळ आला आणि म्हणाला, “काका, तुमी कबड्डीवाले ना? चिकलठाण्याच्या कंपनीच्या टीममधी व्हते म्हणं. मग नुसतं बसू काऊन राह्यले? शिट्टी धरा की.” शिट्टी म्हटल्यावर मला राहवतंय होय!

पण या खेळात एक चमत्कारिक रेषा आहे. गोलसमोरचा मोठा चौकोन आणि मैदानाची मधली रेषा, या दोन्हींच्या बरोबर मध्ये फक्की टाकून एक आडवी रेषा मारतात. त्याला म्हणतात बिल्ड-आउट लाइन. गोलकीपरनं चेंडू हातात धरला की समोरच्या टीमच्या सगळ्या पोरांनी त्या रेषेच्या मागं जाऊन उभं राहायचं. कीपरनं चेंडू सोडेपर्यंत पुढं यायचं नाही. आणि कीपरनं चेंडू लाथेनं आभाळात उडवायचा नाही. हातानं सोडायचा, नाहीतर खाली ठेवून जवळच्या आपल्या पोराला द्यायचा. त्यानं पुढच्याला द्यायचा. असं करत करत मागून खेळ उभा करायचा.

आता तूच सांग. समोरचा एकटा सापडलाय, तर तुटून पडायचं की मागं सरायचं? मी उभी हयात चढाई करायला आलेल्याचा घोटा धरण्यात घालवली. मी धम्मपालला म्हणालो, हा खेळ आहे का जावयाचं मानपान आहे? तो म्हणाला, “लहान हायेत काका. अंगावर धावून गेलं की घाबरून कुठं बी मारतेत. मग चेंडू द्यायला कवा शिकायचे?”

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. कबड्डीत रेषेबाहेर पाय गेला की माणूस बाद, हे माझ्या हाडात बसलेलं. धम्मपाल फोनवर बोलायला बाजूला गेला होता. इकडं ज्याचा अंगठा फक्कीला लागेल त्याला मी शिट्टी मारून ‘बाद! बाहेर बस!’ म्हणत होतो. माझा आवाज तुला माहीत आहे. पोरं निमूटपणे जाऊन बसली. धम्मपाल परत आला तर मैदानात कीपर पोरगी तेवढी उरलेली, आणि बाकीचे ओळीनं मांडी घालून बसलेले, पंगतीला बसावं तसे. तो हसून हसून खालीच बसला. तेव्हा मला राग आला, पण घरी आल्यावर मीही हसलो. एकट्यानं हसायला मात्र कसंतरीच वाटतं. हसून झालं की घर आणखीच गप्प होतं.

संक्रांतीला ये. कोणत्या गाडीनं येतेस ते कळव, स्टँडवर घ्यायला येतो.

पुंजाराम


पुंडलिकनगर,
२७ जानेवारी २०२५

वच्छला,

संक्रांत गेली. तिळगूळ आणून ठेवला होता, तो मैदानावरच्या पोरांना वाटून टाकला. ‘गोड बोला’ म्हणालो तर एक कार्टं म्हणतं, “काका, आधी तुमी बोला.” मैदानावर माझी ही ख्याती झालीय.

पत्र मिळालं असं तू फोनवर म्हणालीस, आणि पुढं काही नाही. आतल्या मजकुराबद्दल स्पीकरवर काय बोलणार म्हणा. पण त्या दिवशी श्रेयानं फोन हिसकावून घेतला ते बरं झालं. मला माहीतच नव्हतं की तीही फुटबॉल खेळते, आणि तीही कीपर! ‘आबा, तुमच्याकडे पण बिल्ड-आउट लाइन आहे?’ म्हणून अशी किंचाळली की माझा कान बधिर झाला. मी म्हणालो, आहे, पण आम्ही तिला ‘मागं-सरा रेषा’ म्हणतो. इथल्या पोरांनी माझ्या ओरडण्यावरून ते नाव पाडलंय. तिला फार आवडलं. मी म्हणालो, मला काही हा नियम पटत नाही बघ. तर ती काय म्हणाली माहीत आहे? “आबा, ते मागे गेले ना, की मला दिसतं आपलं कोण कुठे मोकळं आहे. नाहीतर मला फक्त त्यांचे पाय दिसतात.”

पोरगी हुशार आहे. इंद्रजीतवर गेलेली नाही.

आणि मग ती म्हणाली, “आजी रोज येते माझ्याबरोबर ग्राउंडवर.”

तू? मैदानावर? रोज? जालन्याला आमची फायनल होती तेव्हा गाडीत जागा धरून ठेवली होती मी तुझ्यासाठी. तू म्हणालीस, दळण आणायचंय. माझा एक सामना तू पाहिला नाहीस. असो. नातीसाठी जातेस, चांगलंच आहे. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही.

इथली हकीकत सांगतो. आमची कीपर रूपा म्हणून आहे, नऊ वर्षांची. हातमोजे तिच्या कोपरापर्यंत येतात. शनिवारी सिडकोच्या टीमबरोबर मॅच होती. रूपानं चेंडू धरला की मी शिट्टी मारायचो, समोरचे रेषेमागं जायचे. ती हळूच चेंडू शेजारच्या पोराकडं सोडायची. त्याला वाटायचं हातात निखारा दिलाय. तो भलतीकडंच मारायचा आणि समोरचे येऊन गोल करून जायचे. असे किती झाले ते मी मोजायचं सोडून दिलं. पोरांचे आईबाप बाहेरून ओरडू लागले, “रूपे, उडव ना! लांब मार!” शेवटी रूपाचा बाप मैदानात शिरला. “सर, तुमी पोरांना खेळायला शिकवू राह्यले का हरायला?”

धम्मपाल शांतपणे म्हणाला, “आज हरू द्या. लांब मारलं तर आज जिंकतीन. पण बॉल पायात आला की भेव वाटायचं जाणार नाय. ते ह्याच वयात जातं.”

बाप काही पटलेल्या चेहऱ्यानं गेला नाही. मीही मनातून बापाच्याच बाजूचा होतो. पण पोरगी रडली नाही. मोजे नीट ओढून पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली, हे मात्र सांगायला हवं.

परवा सहज मोठ्या स्टँडवर गेलो होतो. काम काही नव्हतं. पुण्याची गाडी लागली, माणसं उतरली. सगळी उतरून झाल्यावरही मी तिथंच उभा. कंडक्टर म्हणाला, “कोनाला घ्याया आले बाबा?” मी म्हणालो, नाही, चौकशी करायची होती. मग त्याला खोटं वाटू नये म्हणून चौकशीच्या खिडकीवर जाऊन पुण्याहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा खरंच विचारून आलो. कागदाच्या मागं लिहून देतो, तुला उपयोगी पडतील.

येत नसशील तर मीच येऊन घेऊन जाईन म्हणतो. कधी येऊ ते सांग.

पुंजाराम


पुंडलिकनगर,
१८ फेब्रुवारी २०२५

वच्छला,

सकाळ-संध्याकाळ फोन करतो म्हणून तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “जरा दम धरा की हो.” आणि फोन ठेवलास. त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस. दीपमाला उचलते, ‘आई बाहेर गेल्यात’ म्हणते. बाहेर म्हणजे कुठं? मी विचारलं तर ती म्हणाली, ‘अहो बाबा, बाहेर म्हणजे बाहेर.’ या वयात तू बाहेर जायला लागलीस आणि मी घरात बसायला लागलो.

मेसच्या बाईंना गावाकडं जावं लागलं, डबा बंद आहे. हरकत नाही, मी करतो. तू भाजून-दळून ठेवून गेलेल्या येसरच्या पिठाची आमटी केली होती. गुठळ्या झाल्या, चमच्यानं फोडून खाल्ली. चव तुझ्या हाताची नव्हती, पण वास तोच आला. वास आला आणि मग जेवण काही फार गेलं नाही. जिन्यात जरा पाय घसरला होता, पण तो विषय नाही. मैदानावर मला खुर्ची देतात ती वयाचा मान म्हणून, गुडघ्यासाठी नाही. इंद्रजीतला सांगू नकोस. लगेच गाडी घेऊन येईल आणि पुन्हा तोच विषय काढील.

एक सांगायचं राहिलं. धम्मपालवर मी उगीच तोंड टाकत होतो. परवाच्या मॅचमध्ये रूपानं चेंडू धरला. मी शिट्टी मारली, समोरचे रेषेमागं गेले. तिनं मान वर करून पाहिलं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. इतके दिवस ती पाहत नव्हती गं, नुसती चेंडू हातातून सुटावा म्हणून सोडत होती. या वेळी खरंच पाहिलं. उजवीकडच्या पोराला दिला, त्यानं थांबवला, मधल्या पोरीला दिला, तिनं पुन्हा रूपाला. समोरचे धावत आले तोवर चेंडू चौथ्याकडं गेला होता. पुढं काही गोल झाला नाही, चेंडू बाहेर गेला. पण मी शिट्टी तोंडात धरून उभाच राहिलो. बाहेर गेलेल्या चेंडूची शिट्टी द्यायची विसरलो. रूपाचा बाप माझ्याकडं बघून म्हणाला, “काका, फुका की!”

आता मी पोरांना रेषेमागं नेताना आधीसारखा खेकसत नाही. हात पसरून त्यांच्यापुढं उभा राहतो. ती पुढं वाकून बघत असतात, पाय शिवशिवत असतात. त्यांचं मला कळतं. माझेही शिवशिवतात.

आता ऐक. मार्चात सोळा तारखेला आपल्याच मैदानावर दोन-तीन गावच्या टीमांच्या मॅच ठेवल्यात. पुण्याची जी टीम येणार आहे ती श्रेयाचीच निघाली! धम्मपालनं यादी वाचली तेव्हा मी त्याला तीनदा नाव वाचायला लावलं. पहाटे निघून येणार, संध्याकाळी परत. तू येशील ना? मी विचारत नाही. एवढ्या लहान पोरीबरोबर घरचं कुणीतरी लागेलच, एवढंच म्हणतोय.

पंखे पुसून घेतलेत. माळ्यावरची गादी उन्हात टाकली. उगीच, बरेच दिवस राहिलं होतं म्हणून.

पुंजाराम


पुंडलिकनगर,
१७ मार्च २०२५

वच्छला,

काल तू आलीस आणि गेलीस. मैदानावर तू पलीकडं बायकांत बसली होतीस. तुला जे दिसलं नसेल ते इकडून मी काय पाहिलं ते सांगतो. आणि घरी जे झालं त्यावर मला तेव्हा बोलता आलं नाही, तेही लिहितो.

श्रेया केवढी उंच झालीय. आली ती पळत येऊन बिलगली, मग लगेच बाजूला झाली, कारण तिच्या मैत्रिणी बघत होत्या. तू आलीस आणि म्हणालीस, “बारीक झाले.” मी म्हणालो, नाही. एवढ्या महिन्यांनी आपलं बोलणं ते एवढं. नवी साडी नेसली होतीस. पायात बूट होते, खेळाडूंचे असतात तसे पांढरे. तुझ्या पायात बूट मी जन्मात पाहिले नव्हते.

तिची आणि आमची मॅच लागली तेव्हा मी धम्मपालला म्हणालो, मला यात शिट्टी नको, माझी नात आहे. तो म्हणाला, “तुमी कोनाच्या बापाचं ऐकत नाय, नातीचं काय ऐकनार?” मग धरली. तुमच्याबरोबर आलेला इंद्रजीत इकडं माझ्या बाजूला उभा होता. श्रेयाच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला, आमची पोरं मागं गेली, आणि हा माझ्या कानाशी ओरडला, ‘श्रेया, लांब टाक!’ पोरगी गोंधळली. तिनं घाईनं जवळच्या पोरीकडं टाकला. आमच्या पोरानं तो मध्येच पळवला आणि गोल. इकडं सगळं पुंडलिकनगर नाचायला लागलं. श्रेया माझ्याकडं बघेल असं मला वाटलं, बापाकडं तरी बघेल. ती तुझ्याकडं बघत होती.

तू ओरडली नाहीस. हात वर करून तळवा नुसता खाली-खाली केलास, हळू, हळू म्हणून. हे तू कुठं शिकलीस?

पुन्हा तिच्या हातात चेंडू आला तेव्हा आमच्या पोरांना चव लागलेली होती. मी शिट्टी मारली तरी दोघं रेषेच्या पुढंच रेंगाळले. मी आडवा गेलो, हात पसरले, “मागं! सगळे मागं!” म्हणालो. बाहेरून आपलीच माणसं ओरडली, “काका, नातीची बाजू घेऊ राह्यले!” त्यात रूपाचा बाप सगळ्यात पुढं. इंद्रजीत इकडून ‘अगं टाक लवकर’ करत होता. मी त्याला म्हणालो, तू गप बस. सगळ्यांसमोर म्हणालो. श्रेयानं चेंडू छातीशी धरला आणि बघत राहिली. फार वेळ बघत राहिली, मलाच वाटलं आता टाक बाई. गुडघा ठणकत होता, पण मी हात खाली घेतले नाहीत. मग तिनं तो इतक्या सहज एका बाजूला सोडला, आणि तिच्या पोरींनी आपापसात देत देत पार आमच्या रूपापर्यंत नेला. रूपानं अडवला. माझ्या एका पोरीनं चेंडू सोडला आणि दुसरीनं अडवला, मला कुणासाठी वाईट वाटावं तेच कळेना. तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला म्हणून बघितलं, तर तू उभी राहून टाळ्या वाजवत होतीस. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तुला त्याचं भान नव्हतं. मी तुला एवढं आनंदात कधी पाहिलं ते आठवत राहिलो. आठवेना.

आम्ही एका गोलनं जिंकलो. आपले-तुपले कोण, ते आता माझं मलाच कळत नाही.

गाडी सुटायला अवकाश होता म्हणून इंद्रजीत-श्रेयाला मैदानावर ठेवून तू घरी आलीस. मी मनाशी धरून चाललो होतो की तू आल्या आल्या स्वयंपाकघरात जाशील, ओट्याची दशा बघून कपाळाला हात लावशील, मला चार शब्द सुनावशील आणि पदर खोचशील. तू बाहेरच्या खुर्चीत बसलीस. आत गेलीच नाहीस. मी चहा केला, तू तो प्यायलीस आणि ‘चांगला झालाय’ म्हणालीस, पाहुण्याच्या घरी म्हणतात तसं. मग मला राहवलं नाही, कधी येतेस म्हणून विचारलंच. त्यावर तू जे बोललीस ते मी कालपासून पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघतोय.

“माझा तुमच्यावर राग नाय. मला तिथं बरं वाटतं. पोरीसंगं ग्राउंडवर जाते, चार बायका वळखीच्या झाल्या, बसतो, बोलतो. हे समदं मला आवडंल असं मला बी वाटलं नव्हतं. पण तुमी सारखं कवा येती, कवा येती. एक फोन ठिवते तर दुसरा. मला काय पायजे ते माझं मला उमगूच देत नाय तुमी. मघाशी पोरीच्या हातात बॉल व्हता तवा त्या पोरांना कसं थोपवून धरलं तुमी. मी पाहू राह्यले व्हते. मला बी तेवढं द्या की हो.”

मी म्हणालो, “मग येणार नाहीस?”

“मी असं कुठं म्हनले?”

“मग येणार?”

तू हसलीस. “बघा. परत तेच.”

आणि बूट घालून निघालीस. बुटाची नाडी तुला बांधता येते, मी बघत होतो.

तू गेल्यावर मला फार राग आला, खोटं कशाला सांगू. संसार सोडून ग्राउंडवर बसायचं वय आहे का, असं म्हणालो. भिंतीला म्हणालो, दुसरं कोण होतं. मग तुझा कप उचलायला गेलो. तो धुवायचा की तसाच राहू द्यायचा, यावर बराच वेळ तिथं उभा राहिलो. शेवटी धुतला. एक कप धुवायला एवढा वेळ लागत नाही.

पुंजाराम


पुंडलिकनगर,
६ एप्रिल २०२५

वच्छला,

मी फोन केला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. रागानं नाही. पहिले काही दिवस रागानं, मग नाही. फोन हातात घेऊन तुझ्या नावापर्यंत जायचो आणि परत खिशात टाकायचो. आज सकाळी तो दुसऱ्या खोलीत ठेवून मग हे लिहायला बसलो.

पाडव्याला गुढी उभारली. साडी तुझी नेसवली, हिरवी, कारण दुसरी कुणाची नेसवणार. गुढी बांधताना कुणीतरी खालून ‘जरा डावीकडं, अजून डावीकडं’ म्हणायला लागतं. तशीच तिरकी उभी राहिली. शेजारच्यांनी विचारलं, “वहिनी कधी येणार?” मी म्हणालो, त्यांचं त्या ठरवतील. शेजारी माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मला ताप आलाय.

वच्छला, एक साधी गोष्ट आजपर्यंत कुठल्याच पत्रात लिहिली नाही. जेवणाचं लिहिलं, पंख्यांचं लिहिलं, गाड्यांच्या वेळा लिहिल्या. मला तुझी फार आठवण येते. मी इथं एकटा आहे आणि मला ते सोसवत नाही. हे तू यावंस म्हणून लिहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहितोय. तिथं तुला बरं वाटतंय तर तिथं राहा. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. तशी आलीस तर पुन्हा स्वयंपाकघरात जाशील आणि मला ते टाळ्या वाजवणं दिसायचं नाही.

गुडघ्याला डॉक्टरनं पट्टा दिलाय. धम्मपालच्या पोरांना सुट्ट्या लागेपर्यंत रोज खेळवायचं ठरलंय. रूपाचा बाप आता स्वतःच इतर आईबापांना गप्प करतो.

श्रेयाचा आवाज रेकॉर्ड केलेला मेसेज आला. वीस तारखेला तिची या वर्षाची शेवटची मॅच आहे, आबा तुम्ही या, म्हणाली. मी तिला अजून काही कळवलं नाही. इंद्रजीतला विचारलं असतं तर तो लगेच ‘या’ म्हणाला असता आणि वरून पुण्यातल्या डॉक्टरची वेळही घेतली असती. म्हणून त्याला विचारलं नाही. तुला विचारतोय.

मी मॅच बघेन. तू बायकांत बस, मी दुसऱ्या बाजूला बसेन. विषय काढणार नाही, बॅगेकडं बघणार नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तुला आवडतं ते काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मनात आहे. तुझं उत्तर आल्याशिवाय तिकीट काढणार नाही.

मी येऊ का? नको म्हणालीस तरी चालेल. खरं म्हणजे चालणार नाही, पण ऐकेन.

पुंजाराम